शेवटचं पान

परवा मुरबाडच्या बाजारात मासेवालीनं सागाच्या पानात मासे बांधून दिले. त्या ओल्या वासानं मी थेट लहानपणीच्या डोळखांबच्या ओहोळावर पोचले.

पाड्यानं मिळून धरलेल्या मासळीचे आई पानापानांवर वाटे घालत होती. तापानं घरी पडलेल्या सखूमावशीचंही पान तिनं मांडलं.

"ती पाण्यात उतरली नाय गो," एक काका कुरकुरले.

"तिची पोरं जेवनार नाय का रे?"

म्हणत आईनं पुढचं पान मांडलं. वाटे घालणारीनं आपलं पान शेवटी उचलायचं, हा पाड्याचा नेम. आमचा नंबर शेवटी म्हणून मी फुगून बसले होते.

आता आठवतं ते वेगळंच. काकांसकट कुणीही मोठा वाटा शोधत पानं निरखली नाहीत. जो तो हाताशी आलेलं पान उचलून घरी गेला. वाटे माझ्या आईनं घातले होते!