रश्श्यावर झालेली बैठक

आमच्या मच्छीमार सोसायटीची बैठक म्हणजे तांबडा-पांढरा. मळ्यात चूल पेटते, मटण रटरटतं आणि तळ्याचं काय करायचं ते ताटावरच ठरतं. संचालकांत आम्ही दोघी बायका, मी आणि माझ्या सासूबाई. सरकारी योजनेला बायका लागतात म्हणून घेतलेल्या. बैठकीचं बोलावणं येतं ते भाकऱ्या थापायला.

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी गुडघ्यावर येतं. तेव्हा आमच्या भोईगल्लीतल्या बायका पाण्यात उतरून चिंगळ्या, म्हणजे बारकी मासळी, धरतात आणि गारगोटीच्या बाजारात वाटे लावून विकतात. पावसापर्यंत घर त्यावरच चालतं. यंदा तळ्यात कटला माशाचं बी, म्हणजे पिल्लं, सोडायचं होतं. मरळ मासा ते बी खातो, म्हणून आधी मोहाची विषारी पेंड टाकून तळ्यातली जुनी मासळी मारायची, असं जेवताजेवता ठरलं. चिंगळ्याही मरतील, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

सासूबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठल्या. “मरळ आमी जाळ्यानं काढून देतो की. दर साली काढतोयच. सगळ्या तळ्याला इख कशापायी?”

चेअरमन म्हणजे त्यांचे चुलतदीर. ते नळी फोडत होते. “वैनी, भाकरी करपाय लागलीया बघा,” म्हणाले. सगळे खो खो हसले. माझा नवराही हसला, स्वतःच्या आईला. त्याच्या हनुवटीवरून तर्री ओघळत होती. त्या माणसाच्या शेजारी झोपायचीही मला शिसारी आली.

पेंड पडली. सगळ्या काठाला मेलेल्या चिंगळ्यांचा थर साचला आणि गावभर घाण सुटली. त्यात योजनेचे साहेब पाहणीला येणार, असा निरोप आला. मग चेअरमन स्वतः आमच्या दारात. “वैनी, गल्लीतल्या बायका घिऊन चला. काठ साफ कराय पायजे.”

गेलो. नाही म्हणून सांगतो कुणाला? ओंजळीओंजळीनं तो चिखल पाट्यांत भरत होतो, तेवढ्यात साहेब आले. नाकाला रुमाल लावून चेअरमनना म्हणाले, “वा, महिलांचा सहभाग चांगला आहे तुमच्याकडे.”

सासूबाईंनी पाटी खाली ठेवली. “हाय की, सायेब. मारायचं ठरवाय न्हवतो आमी. मेलेलं उचलाय सगळ्या हाय.”

साहेबांनी रुमालाआडूनच मान डोलावली आणि आम्हाला फोटोसाठी जरा जवळजवळ उभं राहायला सांगितलं.