दुधातली गोळी

अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, वाटायचं की भाऊबंद आपल्या जेवणात विष घालतात. निपाणीतल्या आमच्या भाऊबंदांना एकमेकांकडे चहाला जायला सवड नाही, ते विष घालायला कुठून येणार. बेळगावच्या डॉक्टरांनी समजावलं : कितीही पुरावे दिले तरी जो समज हलत नाही, तो भ्रम. आपण आजारी आहोत हेच रोग्याला उमगत नाही, त्याला ते ‘इनसाइट नाही’ म्हणाले. चोरून औषध देऊ नका, विश्वास गेला की सगळंच अवघड होतं, असंही बजावलं. मला त्यांचा राग आला. सांगायला काय जातंय. हातात दिलेली गोळी अण्णा खिडकीतून भिरकावत होता.

म्हणून आई त्याच्या रात्रीच्या दुधात गोळी कुटून घालू लागली. हळूहळू तो निवळला. दाढी करू लागला, दुकानात बसू लागला.

एकदा दिवेलागणीनंतर दूध बोटानं ढवळताना पेल्याच्या तळाशी त्याच्या बोटाला चुरा लागला. “ह्यात काय तर घातलंय,” तो आईला म्हणाला. “आधी तू पी.”

आम्ही जैन. आम्ही पोरं एवढं पाळत नाही, पण सूर्य मावळल्यावर आई पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. तापानं फणफणली तरी तिचं औषध सकाळपर्यंत थांबतं.

“आई रातचं काय घेत न्हाय, तुला म्हायती हाय की रं,” मी म्हणाले.

“मग मीबी न्हाय घेत.”

आईनं हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि अर्धा पेला प्याली. अण्णानं उरलेलं दूध झाकून ठेवलं. “बघू सकाळी,” म्हणाला.

सकाळी आई उठेना. हाक मारली की डोळे उघडायची, जड जिभेनं काही बोलायची, परत मिटायची. कशानं ते मला ठाऊक होतं, पण सांगायची सोय नव्हती. अण्णा तिचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्यानं तोंड पुसत होता आणि रडत होता. “तुलाबी घातलं गं त्यांनी,” एवढंच म्हणत होता. आईवरचा त्याचा संशय त्या सकाळी पार गेला.

दुपारी ती सावध झाली. तेव्हापासून अण्णा दुकानात जात नाही, स्वयंपाकघराच्या दारात बसतो. दूध तोच तापवतो, भाजी तोच चिरतो. गोळ्या कपाटात पडून आहेत. आईचं ताट आधी तो स्वतः चाखतो, आणि मगच तिला जेवू देतो.