ट्यूबवर बसलेल्या सासूबाई

पंक्चरच्या दुकानापाशी तापलेल्या रबराचा वास आला की मला प्रताप नगरातली आमची पुढची खोली आठवते. एअरब्रशने चित्रं रंगवायचा मला तेव्हा भारी नाद. ब्रश मिळाला, पण रंग फवारायला त्याला हवा पुरवणारा नवा कॉम्प्रेसर परवडेना, आणि जरीपटक्याच्या बाजारातून आणलेला जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर हवेबरोबर तेलही थुंकायचा. शेवटी ट्रकची ट्यूब फुगवून आणली आणि तिलाच नळी जोडली. हवा उतरू लागली की दाब टिकवायला ट्यूबवर कुणीतरी बसावं लागे. त्या संध्याकाळी सासूबाई बसल्या होत्या. संत्र्याच्या बागेवरचं आभाळ मी एका दमात रंगवत होते; मध्येच दाब गेला असता तर चित्रभर शिंतोडे उडून सगळी मेहनत वाया गेली असती. तेवढ्यात फाटक वाजलं. सासरे आले. ते घरात आले की सासूबाई उभ्या राहत, पाणी देत. सासऱ्यांसमोर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. ट्यूब हलली. "काहून बसून राहिली वं? पाणी आण," सासरे दारातूनच म्हणाले. सासूबाईंनी पदर सावरला, पण जागा सोडली नाही. "मी उठली तं सुनेचं चित्र बिघडते. माठ तिथंच हाये, घ्या तुम्ही." मग, बऱ्याच वेळानं, माठावरचं झाकण वाजलं. आता कॉम्प्रेसरचं बटण दाबलं की हवा येते, तरी आभाळ रंगवताना फाटक वाजलं की मी आधी मागे वळून पाहते, कुणी उठलं तर नाही ना.