सुरमई, शेंगाची चटणी आणि निळं दार

दुसऱ्याच्या घरात शिरून तिथला ओटा घासून काढायचा, असा प्रकार आमच्या घराण्यात पूर्वी कधी झालेला नव्हता.

मागच्या मे महिन्यात सोलापूर असं तापलं की पंखासुद्धा भट्टीला वारा घातल्यासारखा फिरायचा. म्हणून मी, बायको सुनंदा आणि आई कोकणात निघालो. तिथे समुद्रकाठी घाटावरच्या हौशी मंडळींनी फार वर्षांपूर्वी उन्हाळ्यापुरते राहायला बंगले बांधले आहेत. गवंडी एकच, त्यामुळे सगळे बंगले जुळ्या भावंडांसारखे. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरती कौलं, पुढे व्हरांडा आणि निळं दार. आम्हाला बंगला भाड्याने देणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं, "निळं दार बघा. किल्ली कुंडीखाली."

पहिल्याच निळ्या दाराशी कुंडी होती आणि खाली किल्लीही होती. (तिथे प्रत्येकाची किल्ली कुंडीखालीच असते, हे मागाहून कळलं.)

आई स्वयंपाकघरात गेली ती नाकाला पदर लावून बाहेर आली. तिच्या गळ्यात तुळशीची माळ.

"आरं, हितं पातेल्यात मासं हायती की."

"आधीचे पाहुणे विसरले असतील," मी म्हणालो.

"मग देऊ का मांजरास्नी?"

"दे की."

मांजरांनी आमचं फार मनापासून स्वागत केलं. आईने ओटा तीनदा घासला, सोबत आणलेलं पीठ काढलं आणि भाकऱ्या थापायला बसली.

मी व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत पसरलो. तेवढ्यात समुद्रात डुंबून आलेले, टॉवेल गुंडाळलेले एक गृहस्थ पायरीशी येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे टक लावून बघू लागले. मला वाटलं, घर आवडलं असावं. येण्यापूर्वी मी मोबाइलवर जुन्या घरांबद्दल थोडं वाचलं होतं. (थोडं वाचलेला माणूस फार बोलतो.)

"या, घर बघा," मी म्हणालो. "हे जोतं एवढं उंच का? तर भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून."

"असं?" ते म्हणाले. "आमचे आजोबा खाली कोंबड्या ठेवायचे."

"तुमच्याकडे असेल. आता ही गोल खिडकी. इथून पूर्वी गलबतं दिसायची."

"इथून शेजारच्यांची विहीर दिसते."

माणूस अडाणी आहे, असं मी मनात म्हणतोय तोच सुनंदा भिंतीवरचा एक फोटो हातात घेऊन बाहेर आली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हा नवरदेव या पाहुण्यांसारखाच दिसतोय."

गृहस्थ म्हणाले, "मी सावंत. घर माझं आहे. आत जाऊन कपडे घातले तर चालेल का?"

माझ्या पायाखालचं उंच जोतं सरकलं. त्यात सावंत आतून ओरडले, "सुरमई कुठाय?" त्यांची मुलगी गजरा आणायला बाजारात गेली होती; तिला बघायला मुलाकडची मंडळी जेवायलाच येणार होती, आणि सुरमई त्यांच्यासाठी होती.

"मांजरं लई भुकेली हुती वो," आई म्हणाली.

सावंत मटकन खाली बसले. माझ्या एका 'दे की'मुळे आता एका मुलीचं लग्न मोडणार होतं. आईने मात्र पदर खोचला.

"आसं बसून कसं चालंल? भाकरी हाय, शेंगाची चटणी हाय. पिठलं टाकते. सुनंदा, कांदा चीर."

पाहुणे आले तेव्हा आम्ही तिघं सावंतांच्याच स्वयंपाकघरात अडकलेलो; वाढायचं काम माझ्याकडे आलं. मुलाच्या आईने घाबरत चटणी चाखली, डोळे पुसले आणि आणखी एक भाकरी मागितली. मग दुसरी. मुलगा तर पिठल्यात बुडालाच. हात धुण्याआधीच त्या म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण या स्वयंपाक करणाऱ्या आजी कुठून मिळाल्या?"

"देवानेच पाठवल्या," सावंत म्हणाले.

"आणि हे वाढताहेत ते?"

सावंतांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "हे आमच्या घराचा इतिहास सांगतात. आम्हालाही तो आजच कळला."