आधी विणायचं नाही

हातात सुया नसल्या की मी माणसात नसते, असं आमचे हे म्हणतात. रत्नागिरीच्या घामट हवेत लोकरीचं करायचं काय, हेही वर ऐकवतात. पण आमच्या आळीतल्या बहुतेक बाळंतविड्यांत माझं टोपडं असतं, आणि त्याचं कौतुक झालं की हेच पुढे होऊन सांगतात, 'आमच्या हिने केलंय.'

तर या नाताळच्या सुट्टीत मी सुया घरी ठेवून सगळ्यांबरोबर वेळणेश्वरला गेले. लेकीला सहावा महिना लागला होता. गेल्या खेपेला तिने बातमी दिली त्याच दिवशी मी लोकर काढली होती. बाळ यायच्या आत त्याचं काही करू नये, असं जाऊबाई म्हणाल्या, ते मी उडवून लावलं. कुंची पुरी झाली आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. कुंचीने काही होत नसतं, डॉक्टरही तेच म्हणाले. तरी यंदा लेकीने पुण्याहून फोनवर 'आई, आधी काही विणू नकोस' म्हटलं, आणि मी बरं म्हटलं.

सुयांऐवजी वाचनालयातली जाडजूड कादंबरी घेतली. जयगडच्या फेरीबोटीत उघडली ती पहिल्या पानावर, आणि वेळणेश्वरला पडवीत बसले तरी पान तेच. लेक जरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली की मी पुस्तकातून मान वर काढायची. न्हाणीघरात तिला वेळ लागला की मी दाराशी घुटमळायची. जावई बिचारे विचारत, 'आई, रंगलीय का कादंबरी?' मी म्हणे, खूप. त्यात कोण कुणाची कोण, देवाशप्पथ सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे आणि जावई समुद्रावर गेले होते. लेक झोपून उठली, बाहेर आली आणि माझ्या मांडीकडे बघत राहिली. मांडीवर ह्यांचा पंचा होता. त्याच्या दशांना मी या टोकापासून त्या टोकापर्यंत वेण्या घातल्या होत्या. मला पत्ताच नव्हता.

वाटलं, हसेल. ती शेजारी बसली नि म्हणाली, 'तू आयुष्यात कधी कुणाचं ऐकलंयस का गं?'

'म्हणजे?'

'मी विणू नको म्हटलं आणि तू लगेच बरं म्हणालीस. मला वाटलं होतं, झापशील मला. तेव्हापासून धास्ती बसलीय. तुलाही वाटतंय ना, की हे राहणार नाही?'

खोटं बोलले असते, पण ती माझीच पोरगी, तिला कळलं असतं. 'भीती वाटते गं,' म्हटलं, आणि मला रडूच आलं. तीही रडली. मग डोळे पुसून म्हणाली, 'विण तू. पण जन्मल्या बाळाचं नको. ते वर्षाचं होईल, तेव्हा घालायचा स्वेटर विण.'

संध्याकाळी गुहागरला जाऊन सुया-लोकर आणली. दुकानात धड रंग एकच होता, पोपटी. वर्षाच्या मुलाची छाती केवढी धरायची हे मला झोपेतही सांगता येतं, पण टाके घालताना मोजणी अशी चुकत गेली की घातलेले सगळे काढावे लागले. लेक समोर बसून बघत होती. मग पुन्हा घालताना मी दोन बोटं जास्तच धरली, पोर अंगाने भरलेलं असलं तर असावं म्हणून, आणि पहिली ओळ विणली.