विचारल्याशिवाय मरण लिहू नये

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमारांची संघटना चालवायचे आणि आमच्या घरात कायम कागदांचे गठ्ठे असायचे. शाळेतून आलं की हात धुवायचे, पत्रकांच्या घड्या घालायच्या आणि मग जेवायचं. घड्या घालता घालता मजकूर पाठ व्हायचा. पत्रक ट्रॉलरवाल्यांविरुद्ध असो की बर्फाच्या भावाविरुद्ध, एक वाक्य त्यात असायचंच : आमच्या वतीने कोणी बोलू नये. मला ते देवळातल्या गाऱ्हाण्यासारखं तोंडपाठ होतं आणि मी ते भलत्या ठिकाणीही वापरायचे.

कॉलेज संपलं त्या वर्षी आम्ही काही जणांनी एका मराठी संकेतस्थळावर एक गाव वसवलं. खेळ साधा होता. प्रत्येकाने गावातला एक माणूस घ्यायचा आणि त्याचं बोलणं-वागणं लिहायचं. पुढच्याने आपल्या माणसाकरवी उत्तर द्यायचं. गावाच्या नावावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही, म्हणून ते नुसतं 'गाव' राहिलं. मी त्यात शाळेची बाई होते. मुंबईत हपिसात काम करणारा माझा मावसभाऊ होडीवरचा म्होरक्या, तांडेल झाला होता. प्रत्यक्षात त्याला जेट्टीवरून होडीत उतरायलाही कोणाचा तरी हात लागायचा. दादाचा एक दोस्त मस्कतला होता, तो पोस्टमन. आणखी एकदोघे यायचे-जायचे. मी हे सगळं बाजारातल्या सायबर कॅफेत बसून लिहायचे. वीज गेली की लिहिलेलं जायचं आणि शाळेच्या बाईला तेच पुन्हा बोलावं लागायचं.

नियम करायची वेळ मावसभावाने आणली. एका सकाळी मी पान उघडलं तर माझ्या बाईचं त्याच्या तांडेलाशी लग्न लागलेलं. मला विचारलं नव्हतं. बाई लाजलीसुद्धा होती.

मी कॅफेतूनच त्याला फोन केला.

"अगो, गंमत ती," तो म्हणाला. "लगीन व्हयाच गावात. जेवणा घालूक मिळतत."

"तुझी गंमत, आणि लाजायचं माझ्या बाईने?"

"मगे घटस्फोट घी."

मी घटस्फोट घेतला नाही. मी पत्रक काढलं. 'बंधू-भगिनींनो' अशी सुरुवात केली, 'सदर विवाह आम्हांस मान्य नाही' असं लिहिलं आणि खाली नियम घातले. पहिला अर्थातच, दुसऱ्याच्या माणसाच्या तोंडी कोणी शब्द घालायचे नाहीत. मग खऱ्या गावातल्या कोणाची भांडणं नावानिशी आणायची नाहीत, कारण ती वाचून संध्याकाळी कोणीतरी आमच्या दारात उभं राहिलं असतं. मस्कतवाल्याने लिहिलं, "मान्य. पण सभेला चहा आहे का?"

हे वाचूनच दादा खेळात आला. तो माझा सख्खा मोठा भाऊ. स्वतःची होडी होती, पहाटे जाळी टाकायला जायचा. संगणक त्याला येत नव्हता. माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "ह्या म्हंजे दशावतारच. वही नाय, आपापला बोलना आपापण करूचा."

"तसंच."

"मगे एक नियम ऱ्हवलो. राकसान कधी मरूचा ता आधी तेका इचारूक व्हया. नायतर तो मरणाच नाय, आणि सकाळपर्यंत लोक घराक जाणत नाय."

म्हणून शेवटचा नियम त्याचा. कोणाच्याही माणसाचं मरण त्याला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. मी तो त्याच्या नावावर टाकला. दुसऱ्या दिवशी तो गावात हॉटेलवाला होऊन आला. चहा, भजी, बाहेर एक बाकडं. हॉटेलवाल्याला पाण्याचं भय होतं, समुद्राकडे पाठ करूनच तो चहा गाळायचा. मी म्हटलं, तू कशाला हे घेतलंस? "दिसभर दर्यातच आसतंय. हय तरी माका सुको ऱ्हवांदे."

तो सांगायचा, मी टाइप करायचे. एक शब्द बदलला तरी खांद्यावर चापट बसायची.

पावसाळा संपून होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या तेव्हा त्याच्या इंजिनाचा एक भाग तुटला. नवा आणायला दादा मोटारसायकलवरून कसालला गेला. हायवेवर ट्रकने उडवलं. दुपारी फोन आला. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं.

त्या दिवसांत मला राग येत नव्हता. एरवी मला कशाचाही यायचा. लोक म्हणाले ट्रकवाल्याला सोडू नका, एक पत्रक काढा. बाबांनी मान हलवली आणि काढलं नाही. मी चहा करत होते, पाहुण्यांच्या चपला बाजूला लावत होते, कोणी विचारलं की कसालचा तो फाटा कुठला ते सांगत होते. शब्द नीट येत होते. त्यांचा माझ्याशी संबंध नव्हता.

बाराव्यानंतर मी कॅफेत गेले. गावात कोणी काही लिहिलं नव्हतं. हॉटेलवाल्याचं शेवटचं वाक्य तसंच होतं. पोस्टमनने साखर जास्त मागितली होती आणि हॉटेलवाला म्हणाला होता, "गोड पत्र आण, मग गोड चाय दितंय." मी त्याखालच्या रिकाम्या चौकटीकडे बघत बसले. त्याचे शब्द आजवर माझ्याच बोटांनी गेले होते. पुढचंही मी लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं.

घरी येऊन बाबांना विचारलं. ते पायरीवर बसले होते.

"मेलेल्याचो आंगठो घेतत लोक कागदावर," ते म्हणाले. "तू घेव नको."

मावसभावाने मात्र काहीतरी करायचं ठरवलं होतं. त्याने फोनवर सांगितलं, "तेका आपण मोठ्या मानान पाठवया. वादळ. बुडणाऱ्या होडयेतल्या पोरांक वाचवूक हाटेलवालो पाण्यात उडी मारता. मी लिवलंय. रडतली सगळी."

"त्याला विचारलंस?"

"अगो, खुळी काय तू? नियम जित्यांसाठी आसतत."

"तो नियम त्याचाच होता."

"मगे काय, तो हाटेलवालो युगानुयुगा चाय इकतलो?"

"इकांदे."

तो चिडला. म्हणाला, तू माणूस आहेस की पत्रक? एकदा दादाच्या बायकोला, वहिनीला, वाचून दाखवतो, तिला आवडलं तर टाकतो. मी उलट बोलायला हवं होतं, निदान ओरडायला. मी फोन ठेवला.

त्याने खरंच वहिनीला फोन केला. ती भिंतीला टेकून उभी होती, रिसीव्हर कानाला. त्याचा आवाज बाहेर येत होता : लाटा, विजा, किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी बायकामाणसं. तो वाचता वाचता स्वतःच रडला. वहिनी रडली नाही. "बरा लिवलंत, भावजी," म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला. मग माझ्याकडे वळली.

"ह्या कोणाक बुडवल्यानी तेणी?"

मी तिला सगळं सांगितलं, गाव, हॉटेल, नियम. दादा सायबर कॅफेत जातो एवढंच तिला ठाऊक होतं. तिने ऐकून घेतलं. बराच वेळ ओच्याला हात पुसत राहिली, हात कोरडेच होते.

"हे दर्यात नाय गेले गो बाय. कसालाक गेले. दर्यान तेंका कधी काय केला नाय. उगाच दर्यावर कशाक घालतत?" मग म्हणाली, "त्या गावात तरी तेंका कोणी मारूचा नाय. आसत तसे ऱ्हवांदे."

"पण मग लिहायचं काय?"

"माका दाखव आधी."

दुसऱ्या दिवशी बाजार करून आम्ही कॅफेत गेलो. भाजीची पिशवी तिने पायांत धरली होती. मी हॉटेलचं सगळं लिखाण उघडून दिलं आणि ती डोळे बारीक करून, ओठ हलवत वाचत गेली. एकदा नाकातून हसली. मग एका ओळीवर बोट ठेवलं. 'हॉटेलवाल्याची बायको आत भजी तळत होती.' ती ओळ त्याने पुन्हापुन्हा लिहायला लावली होती. गिऱ्हाईक कोणीही येवो, बायको आत भजी तळत असे.

"ही मी?"

"दुसरी कोण असणार."

"मगे मी कायच कशी बोलाक नाय?"

मी पहिला नियम पुन्हा सांगितला. आणि मी एकदा दादाला, बायकोला एक तरी वाक्य दे, म्हटलं होतं, तेही सांगितलं. तो म्हणाला होता, "ती येतली तेव्हा बोलतली. मी कशाक तिच्या तोंडान बोलू? घरात तरी खंय बोलूक दिता ती माका."

शेजारच्या संगणकावर कोणीतरी परीक्षेचा निकाल शोधत होतं.

"आता इलंय मां," वहिनी म्हणाली. "सरक."

अक्षरं कशी उमटतात ते मी दाखवलं. ती दहावीपर्यंत शिकलेली, पण प्रत्येक अक्षर शोधावं लागत होतं. मी मदतीला हात पुढे केला तर तिने बाजूला सारला. बराच वेळ गेला. हॉटेलवाल्याच्या बायकोने दाराबाहेर पाटी लावली :

हाटेल बंद आसा. मालक कसालाक गेलेत.

मी नियमांशी ताडून बघितलं. ती सवयच होती. कोणाच्या तोंडी शब्द नव्हते. कोणी मेलं नव्हतं. खोटं काही नव्हतं. मी ते पाठवलं.

वादळ आलं नाही. मावसभावाचा फोनही आला नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी वहिनी म्हणाली, चल, बघूया. पोस्टमन हॉटेलपर्यंत आला होता. त्याने पाटी वाचली आणि पत्रांची पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसला. त्याखाली मावसभाऊ होता. तांडेल आला, पाटी वाचली, पोस्टमनच्या बाजूला बसला. एवढंच. त्याच्या लिखाणात एवढी कमी वाक्यं मी कधी पाहिली नव्हती.

मला काही वाटतंय का ते मी पाहत होते. पंखा आवाज करत होता. खाली बाजारात कोणीतरी ताज्या बांगड्यांचा भाव ओरडत होतं.

"किती जाणा बसलीत?" वहिनीने विचारलं. तिला चष्मा लागला होता, पण तो करायचा राहिला होता.

"दोघे."

"उनात?"

"बाकडं बाहेरच आहे ना."

"मगे तेंका पाणी तरी दी."

मी कीबोर्ड ओढला. तिने माझं मनगट धरलं.

"नको. मी दितंय," म्हणाली, आणि वाकून 'प' शोधू लागली.