फळ्यावरचे डब्बे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, धारला राहणाऱ्या आईला नाही — आणि आईला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. मग तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू, मलाही नीट कळलेलं नाही. पण आता सुरुवात केलीच आहे, तर पुढे ऐका.

मी देवासच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पहिल्या वर्षाला 'कॉम्प्युटर सिस्टिम्स' नावाचा विषय आहे, तो आमच्याकडे मी बसवला. शून्य-एकापासून सुरुवात, मग मेमरी, मग मशीनच्या आत प्रोग्राम कसा चालतो ते. कुठला धडा आधी, कुठला नंतर, प्रॅक्टिकल कसं तपासायचं — सगळं माझं. दोन मुलांचे प्रोग्राम सारखे निघाले की लगेच दाखवणारं एक सॉफ्टवेअरही मीच बसवून घेतलं. आणि नियमही माझाच: प्रॅक्टिकलचं सोडवलेलं उत्तर कुणीही कुणाला द्यायचं नाही. शिक्षकानंसुद्धा नाही. केवढा अभिमान होता मला त्या ओळीचा!

वर्ग इंग्रजीत चालायचा. पण धामनोद, राजगढ, देवासच्या गल्ल्या — इथून येणारी अर्धी मुलं हिंदी शाळांतली. मीही धारच्या हिंदी शाळेतच शिकले. कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजी वर्गात बसून मला काय वाटायचं, ते मी विसरले नव्हते. म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर एक हिंदीतला जादा वर्ग सुरू केला. कुणाला विचारलं नाही. तिथे मेमरी म्हणजे मिठाईवाल्याच्या फळीवर ओळीनं मांडलेले डब्बे. आणि कुठल्या डब्ब्यात हात घालायचा ते सांगणारी चिठ्ठी म्हणजे पॉइंटर. मुलं हसायची, आणि त्यांना समजायचं. इतकं सुख मला त्या इंग्रजी वर्गात कधी मिळालं नाही.

त्या वर्गात रेणुका होती. देवासचीच, मराठी घरातली. वडील कारखान्यात, आई घरी शिवणकाम करायची. आमच्या हळदीकुंकवाला तिची आई दर संक्रांतीला यायची, त्यामुळे ओळख जुनी. रेणुका पहिल्या बाकावर बसायची आणि समजलं की मान डोलवायची — मागची मुलं तिच्या मानेकडे बघून ठरवायची, आपल्याला समजलं की नाही ते.

एका प्रॅक्टिकलला सगळी अडली. मी समजावलं, पुन्हा समजावलं. शेवटी कंटाळले — हो, कंटाळलेच, दया वगैरे काही नव्हती — आणि अख्खा प्रोग्राम फळ्यावर लिहून टाकला. नावंसुद्धा तीच, 'डब्बा' आणि 'चिठ्ठी', रोमन अक्षरांत. आणि घाईत शेवटचा डब्बा मोजायचा विसरले.

सॉफ्टवेअरनं त्या सगळ्या मुलांची नावं पुढे काढली. सारखा प्रोग्राम, सारखी नावं आणि सारखी चूक. कुठल्याही मास्तरला विचारा, चूक सारखी असली की नक्कल ठरलेलीच. हिंदी वर्गातली झाडून सगळी मुलं त्यात होती. कॉलेजनं चौकशी समिती बसवली. आणि नेमक्या त्याच महिन्यात माझा कोर्स आसपासच्या कॉलेजांनी घ्यावा अशी बोलणी चालली होती, तो बघायला माणसं येणार होती.

समितीच्या खोलीबाहेर रेणुका माझ्याजवळ आली. "मॅम, तुम्ही बोलून द्याल ना, की बोर्डावर तुम्हीच करवलं होतं?"

मी म्हटलं, "बघते."

बघते! नाही म्हणायची हिंमत नसली की आपण हाच शब्द वापरतो ना?

आत मुलांना भिंतीशी ओळीनं उभं केलं होतं आणि समितीचे सर कागद वाचून हसत होते. "ये डब्बा-चिठ्ठी किसकी है भिया? मिठाई की दुकान खोली है क्या?" सगळे हसले. मीही हसले. हे सांगायला नको वाटतं — पण मी हसले. मग त्यांनी मला सहज विचारलं, मॅडम, क्लास में आपने तो नहीं करवाया?

आपण घाबरलो की नक्की काय होतं हो? मला तर काहीच झालं नाही. मी अगदी शांतपणे म्हणाले, "नहीं सर. मैंने तो बस समझाया था."

धामनोदच्या एका मुलानं मान वर केली. राजगढच्या दोन मुली एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी बोलणारच होतं. तेवढ्यात रेणुका म्हणाली, "सर, मेरी है. मैंने लिखी और सबको दी."

तिनं असं का केलं? मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाचवायला? बाकीच्यांना? की आपल्या मॅमच्या तोंडून खोटं ऐकून तिला पुढे काही ऐकायचंच नव्हतं? मी तिला कधी विचारलं नाही. तेव्हा तर मी मूग गिळून बसले. इतरांचे थोडे गुण कापले गेले. रेणुका नकलेचं मूळ ठरली आणि माझ्या विषयात नापास झाली. वर्ष गेलं, घरच्यांनी कॉलेज सोडवलं. आता ती धामनोदला, सासरी असते. हायवेवरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रकांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, टाइप करते, असं तिच्या वर्गातल्या मुलीकडून कळलं. माझा कोर्स तीन कॉलेजांत चालतो. हिंदी वर्ग मी त्याच आठवड्यात बंद केला.

पण इथे थांबले तर तुम्हाला वाटेल, मी फक्त भित्री आहे. करून सवरून नामानिराळी राहणारी माणसं पुष्कळ असतात. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

त्या निकालानंतरच्याच संक्रांतीला मी नेहमीसारखं हळदीकुंकू केलं. वाटलं होतं, रेणुकाची आई येणार नाही. ती आली, आणि लेकीलाही घेऊन आली. बायका निघून जाईपर्यंत दोघी कोपऱ्यात बसून राहिल्या. मग आई माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाली, "मॅडम, तुम्ही घरची समजून शिकवलं, अन् पोरीनं अशी गडबड केली. तुमच्या नावाला बट्टा लावला. मनात ठेवू नका. माफ करून द्या तिला."

म्हणजे रेणुकानं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

खोलीत आम्ही तिघीच होतो. समिती नव्हती, साहेब नव्हते, कोर्स बघायला येणारी माणसं नव्हती. कुणाची भीती होती मला? कुणाचीच नाही. एक वाक्य बोलायचं होतं. मी त्या बाईच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हटलं. आणि म्हटलं, "जाऊ द्या हो. लेकरूच आहे. मी तिला केव्हाच माफ केलं."

आईचे डोळे भरून आले. ती लेकीला म्हणाली, "रेणू, पाया पड मॅमच्या."

रेणुकानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग ती वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.